भाऊबंद की सोयरे

भाचीनं स्वतःचं लग्न स्वतः जमवलं, याबद्दल तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, काही तक्रार नव्हती. आमच्याकडे मुलीनं मुलगा पसंत करून आईबापाला सांगणं यात जगावेगळं काही नाही. मुलगा कामसू होता, जव्हार-दाभोसा रस्त्यावर जीप चालवायचा, घरी थोडी भातशेती होती. भाची आरोग्य उपकेंद्रात नर्स. लसीचा डबा घेऊन ती त्याच जीपनं जायची-यायची, आणि व्हायचं ते झालं. दादाला घोर लागला तो वेगळाच. मुलाचं आडनाव आमचंच होतं.

आमच्यात एका कुळात लग्न होत नाही. कूळ एक म्हणजे रक्त एक, मग ती दोघं कितीही लांबची असोत, बहीण-भाऊच. दादाला ही गोष्ट कुणी शिकवावी लागली नव्हती आणि कुणी विसरायला लावणंही शक्य नव्हतं.

तो पोशेऱ्याहून सकाळच्या एसटीनं जव्हारला माझ्या घरी आला. मी इथल्याच शाळांमधून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर हौस म्हणून मोडी शिकले, आणि हळूहळू लोक जातपडताळणीसाठी, जमिनीच्या भांडणासाठी जुने कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येऊ लागले. दादा मात्र त्या कामासाठी पहिल्यांदाच आला होता. चहा पिऊन झाला. मग कपबशी बाजूला सारून म्हणाला, "बाय, तू एवढी लोकांची कागदं वाचतीस. आपली बघ. येकच घर निघालं तं मी पोरीला नाय म्हणून सांगन. निराळं निघालं तं माझी ना नाय."

"आणि कागद मिळालेच नाहीत तर?"

"मग माझंच खरं," तो म्हणाला.

मला खरं तर आतून खात्री होती की काही निघणार नाही. आमच्या डोंगरातल्या कितीतरी आडनावांचा जन्म शाळेच्या पटावर झालेला आहे. बाहेरून आलेले मास्तर मुलाला आडनाव विचारायचे, मुलाला ते ठाऊक नसायचं, मग मास्तर पाड्याचं नाव लावायचे, नाहीतर शेजारच्या मुलाचं तेच यालाही. एका बाकावर बसली म्हणून भाऊबंद झालेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. भाचीचा फोन आला तेव्हा मी तिला तसं सांगूनही टाकलं. "काळजी करू नको गं. कुण्या मास्तरानं घातलेला घोळ असणार."

ती म्हणाली, "आत्या, तरी बघ. बाबांना कागद दिसल्याशिवाय पटायचं नाही."

आमच्या भागातल्या कागदांची एक अडचण आहे. जव्हार हे संस्थान होतं आणि मोखाड्याकडचा भाग इंग्रजांच्या अमलाखाली. मधे एक डोंगर आणि दोन ओढे, पण कागद दोन राज्यांचे. पोशेऱ्याचं काही शोधायचं तर मोखाड्याला जायचं, दाभोशाचं शोधायचं तर जव्हारला. दोन्हीकडे अर्ज केले, दोन्हीकडे थांबले. अभिलेख कक्षात जुने कागद लाल कापडात गाठ मारून ठेवलेले असतात, त्याला रुमाल म्हणतात. एक रुमाल सोडला की आधी कसर उडते, मग वास येतो, आणि मग बराच वेळ काहीच हाती लागत नाही. कोतवालानं सांगितलेलं कुणीतरी लिहून घेतलेलं असतं: अमक्याचा मुलगा, अमक्याची बायको, ताप, जुलाब, वाघ. नावापुढे नाव, आणि मग एकदम रेघ.

कूळ हा शब्द त्या कागदांत सतत भेटतो, पण तो आमचा नव्हे. सरकारी कागदात कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस. मालकाचं नाव वर, कुळाचं खाली. आमच्या माणसांना कागदानं ज्या नावानं ओळखलं ते हे. घरात कूळ म्हटलं की आम्ही ताठ बसतो. लहानपणापासून एकच शब्द मी दोन्हीकडे वापरत आले, आणि तो इतका निराळा आहे हे त्या टेबलाशी बसल्यावर पहिल्यांदा मनात आलं.

मोखाड्याला आमच्या घराची वारसनोंद सापडली. आमच्या वरकस जमिनीच्या, म्हणजे डोंगरउतारावर नाचणी पेरतो त्या तुकड्याच्या, जुन्या फेरफारात बाप मेल्यावर दोन मुलं वारस म्हणून लावली होती. थोरला म्हणजे आमचे पणजोबा. धाकट्याचं नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, हल्ली राहणार संस्थान जव्हार. मग जव्हारचे रुमाल सोडले. दाभोशाच्या नोंदींत त्या मुलाच्या पणजोबांचं नाव मिळालं, आणि बापाच्या रकान्यात नाव होतं त्याच धाकट्या भावाचं. शंका नको म्हणून गावाचा उल्लेखही होता, मूळ पोशेरा.

दोन सख्खे भाऊ. थोरल्याचे वंशज आम्ही, धाकट्याचे ते. दादानं नुसत्या आडनावावरून जे सांगितलं होतं, त्याच्यावर दोन राज्यांच्या कागदांनी मिळून शिक्का मारला.

फोनवर सांगायचं जिवावर आलं, म्हणून मी उपकेंद्रात गेले. लसीकरणाचा दिवस संपत आला होता. कडेवरची मुलं रडून दमली होती आणि आया ओट्यावर बसून जीपची वाट बघत होत्या. भाचीनं हात धुतले, माझ्यासमोर बसली आणि मी उतरवून आणलेली नोंद वाचली. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं ती पुन्हा वाचली आणि विचारलं, "आत्या, या धाकट्याची बायको कोण होती?"

"बायकांची नावं लिहीत नसत फारशी. नाही इथं."

"मग हा मुलगा त्याचाच हे कुणी सांगितलं?"

"बापाच्या रकान्यात नाव आहे ना."

"आम्हीपण रोज भरतो तो रकाना," ती म्हणाली. "बाई सांगेल ते लिहितो. परवा एक आली, पाट लावलेली. आधीच्या नवऱ्याचं पोर कडेवर. मी विचारलं, बापाचं नाव काय लिहू? तिनं आताच्या नवऱ्याचं सांगितलं. मी लिहिलं. उद्या तुझ्यासारखं कुणी वाचेल आणि म्हणेल, हा याचाच."

आमच्यात विधवा किंवा नवरा सोडलेली बाई पाट लावते, म्हणजे दुसरं घर करते, यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तिच्याबरोबर पोर आलं तर तेही त्या घरात वाढतं. हे मला माहीत होतं, पण कागद वाचताना ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अर्थात, भाचीला तरी ते दिसत होतं की हवं होतं, कोण जाणे. मी तिला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "हवंच आहे मला. पण म्हणून विचारायचं नाही का?"

विचारायचं कुणाला, तर मुलाच्या आजीला. त्या घरात जुनं ठाऊक असलेली तीच एक उरली होती. भाची आणि मी दाभोशाला गेलो ती त्याच मुलाच्या जीपनं. वाटेत तो प्रत्येक खड्ड्याला मागे वळून मला विचारायचा, "लागलं नाय ना?"

भात झोडून झालं होतं. आजी अंगणात नाचणी पाखडत होती, तिचा मुलगा, म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील, पडवीत बसून बांबूच्या कांबी सोलत होते. मी कोण, कशाला आले, सगळं सांगितलं. कागदात काय निघालं तेही सांगितलं. वडील मान हलवत होते. त्यांना त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. उलट आपलं मूळ पोशेऱ्याचं हे ऐकून ते जरा सुखावलेच. लग्न मोडतंय याचं वाईट वाटत होतं, पण मोठ्या घरचे भाऊबंद भेटले होते.

आजीनं सूप खाली ठेवलं. "तुमच्या कागदात माझ्या सासऱ्याची आय नाय कं?" तिनं विचारलं.

"नाही, आजी."

"मग कागद अर्धाच हाय."

मग तिनं सांगितलं, ते असं. तिच्या सासऱ्याची आई सुरगाण्याकडची. पहिला नवरा देवीच्या साथीत गेला. दुष्काळ होता. ती लेकराचं बोट धरून डोंगर उतरून कामाला आली, आणि इथं तिला तो पोशेऱ्याचा धाकटा भेटला. तोही भावाशी बिनसल्यामुळे घर सोडून आलेला. दोघांनी खोपटं घातलं. त्यांना पुढे मूल झालं नाही. त्या धाकट्यानं दुसऱ्याच्या लेकराला खांद्यावर बसवून वाढवलं, नांगर धरायला शिकवलं, लग्न लावून दिलं. "माझा सासरा मला सांगायचा," आजी म्हणाली, "बा मला आठवत नाय. जो आठवतो तोच माझा बा."

"इतकी वर्षं मला बोलली नाहीस, आय?" वडिलांनी विचारलं. हातातली कोयती त्यांनी बाजूला ठेवली होती.

"तू कदी इचारलं?"

भाचीनं माझा हात घट्ट दाबला. तिच्या दृष्टीनं सगळं सुटलं होतं. रक्त निराळं, कूळ निराळं, लग्नाला आडकाठी नाही. मलाही तेच वाटलं आणि मी बोलूनही गेले, "मग तर अडचणच मिटली."

वडील उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही. "बाई, तुम्ही सोयरीक जुळवाया आलात," ते म्हणाले, "का आमचं कूळ काढून न्याया? घडीभराआधी मी पोशेऱ्याचा व्हतो. आथा मी कुनाचा?"

जुने कागद वाचणारा माणूस नेहमी समजतो की आपण लोकांना काहीतरी देतो आहोत. त्या दिवशी मी एका माणसाच्या घरात बसून, त्याच्या ओट्यावर त्याचा चहा पिऊन, त्याचा पणजोबा उचलून बाजूला ठेवला होता. ते कांबी तशाच टाकून नदीकडे निघून गेले.

पुढचे काही महिने काहीच घडलं नाही. दाभोशाचे वडील दरवर्षीप्रमाणे बायकोला घेऊन वसईला बांधकामावर मजुरीला गेले. मुलगा जीप चालवत राहिला. भाची घरी कमी बोलायला लागली. दादाला मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "आपल्या बाजूनं वाट मोकळी झाली. पन त्या मानसाच्या बाजूनं बंद झाली. आथा त्यानंच यायला पायजे."

ते आले शिमग्याला. आमच्याकडे होळीला कामावर गेलेला प्रत्येक माणूस गावी परततो, तसे तेही परतले होते. जव्हारला माझं घर विचारत विचारत आले, दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी चप्पल काढायला वेळ लावला. त्यांचं एकच मागणं होतं. "तुम्हीच काढलंय. आता पुरं काढा. सुरगान्याकडचा तो पहिला कोन, त्याचं कूळ काय, तेवढं शोधून द्या. मी त्याचं नाव लावीन आनि पोराचं लगीन करीन."

मी शोधलं. मनापासून शोधलं, कारण या वेळी ते मला द्यायचं होतं. सुरगाणाही संस्थानच, त्याचे कागद आणखी तिसरीकडे. नाशिकला जाऊन आले, साथीच्या वर्षांच्या मृत्यूनोंदी पाहिल्या. पण शोधायचं काय? बाईचं नाव नाही, गाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. देवीच्या साथीत मेलेल्या माणसांची पानंच्या पानं होती आणि त्यातला कुणीही तो असू शकला असता. एकदा मला मोह झाला की त्यातलं एक जुळेलसं नाव उचलावं आणि सांगावं, हा बघा तुमचा. ते नाव मी कागदावर उतरवून घेतलंसुद्धा. बसमधे ते वाचत बसले आणि उतरायच्या आधी फाडून टाकलं.

त्यांना मी खरं ते सांगितलं. सापडलं नाही, सापडेल असंही वाटत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं." आणि गेले.

त्यानंतर जे केलं ते दादानं. मला त्यानं विचारलंही नाही. एका सकाळी तो पोशेऱ्याहून दाभोशाला गेला, एकटाच, डोंगरातल्या पायवाटेनं. त्यांच्या ओट्यावर बसला. काय बोलणं झालं ते मला मागाहून भाचीकडून कळलं. तिला मुलानं सांगितलेलं.

आमच्या पाड्याबाहेर एका ऐनाच्या झाडाखाली आमच्या कुळाचे चिरे आहेत, गेलेल्या प्रत्येक कर्त्या माणसाच्या नावाचा एक दगड. मला ते लांबून ठाऊक होते. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या कुळात जायची, म्हणून आमच्या घरात मुलींना त्या ओळीपाशी नेत नसत. त्यामुळे त्यातला कुठला कुणाचा हे मला माहीत असायचं कारण नव्हतं. दादाला होतं. त्यानं त्या वडिलांना सांगितलं, "त्या वळीत येक दगड हाय. आमचा बा म्हनायचा, ह्यो धाकट्याचा. भांडून गेला, तिकडंच मेला, पन भावानं चिरा हितं बसवला. त्याला शेंदूर लावाया त्याचं मानूस कदी आलं नाय. आम्हीच लावतो, परक्यावानी. तुमी या. त्यानं तुमच्या आज्याला खांद्यावर घेतलं. त्याला शेंदूर तुमीच लावायचा."

"आनि मग लगीन?" वडिलांनी विचारलं. "त्याचं मानूस झालो तं भाऊबंद झालो."

दादा काही फार बोलणारा माणूस नाही. त्यानं म्हणे एवढंच सांगितलं, "जनम दुसरीकडचा, तवा लगीन व्हतं. पेज त्यानं पाजली, तवा चिरा तुमचा. दोनी खरं. मला दोनी चालतं. तुमाला चालतं का बघा."

दोन्ही पाड्यांची जाणती माणसं बसली. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं हरकत घेतली, की शेंदूर लावणारा कुळाचा आणि कुळाचा असेल तर सोयरा कसा. दुपारभर चाललं. शेवटी आजीला विचारायला माणूस पाठवला, तिनं निरोप धाडला की मला चालता येत नाही, पण माझा सासरा असता तर दोन्ही पंगतींत, भावकीच्या आणि सोयऱ्यांच्याही, जेवला असता. यावर सगळे हसले, आणि हसल्यावर मग कुणी फार ताणून धरलं नाही.

उन्हाळ्यात लग्न झालं. त्याच्या आदल्या आठवड्यात ते वडील पोशेऱ्याला आले, नारळ आणि शेंदूर घेऊन. या वेळी दादानं मलाही हाक मारली, "ये, बाय, तूच तं शोधलंस." मी आयुष्यात पहिल्यांदा त्या ऐनाखाली उभी राहिले. दगड माझ्या गुडघ्याएवढा होता, वर काही कोरलेलं नव्हतं, एक कड जरा फुटलेली. वडिलांनी आधी तो पाण्यानं धुतला. मग शेंदूर लावला. ते दगडाशी हळू आवाजात काहीतरी बोलले, आमच्या बोलीत, आणि मी मुद्दाम ऐकलं नाही.

मांडवात लग्न लावणाऱ्या धवलेरीनं विचारलं, नवऱ्याचं कूळ कुठलं म्हणू? मग आजीनं बसल्या जागेवरून सांगितलं, "सुरगान्याच्या बाईचं म्हन." धवलेरीनं तसंच गायलं. असं कूळ मी त्याआधी कुठल्या लग्नात ऐकलं नव्हतं. पण गाण्यात ते बसलं.

आता भाचीचा संसार दाभोशाला चांगला चालला आहे. तिचे सासरे मला भेटले की वाकून नमस्कार करतात, घरी बोलावतात, कोंबडीचा आग्रह करतात. पण माझ्या तोंडून जुन्या कागदांचा विषय निघाला की उठून बैलांना पाणी दाखवायला जातात. मी ते ओळखलं आहे आणि विषय काढत नाही.

मध्यंतरी आजीला एकदा, कसं कोण जाणे, सासऱ्याच्या आईच्या गावाचं नाव आठवलं. तिनं ते मला कानात सांगितलं. सुरगाण्याच्या अलीकडे त्या नावाचा पाडा खरंच आहे, मी नकाशात पाहिला. जावई म्हणतो, "जीप हाय, आत्या, येक दिवस जाऊन येऊ." मी त्याला म्हटलं, आधी वडिलांना विचार. त्यानं अजून विचारलेलं नाही, आणि मीही घाई केलेली नाही.